अवंतीचा विदूषक : जॉनी वॉकर

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत संतांवर बोलले जाते, इतिहासकारांवर बोलले जाते, कवींवर तर बोललेच जाते. हसविणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे व्यासपीठ क्वचितच येते. ग्रंथालयाच्या कपाटात विनोदी पुस्तकांची पाने सर्वांत आधी सुटतात, त्यांची बांधणी वारंवार करावी लागते. पण गौरवग्रंथ निघतात ते मात्र गंभीर लेखकांचे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घर हसते ठेवले, त्यांचे ऋण मान्य करताना आपण थोडे संकोचतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा संकोच बाजूला ठेवून निवडलेला आहे. ज्या नगरीत आपण जमलो आहोत, त्याच इंदुरात जन्मलेला आणि २९ जुलै २००३ रोजी मुंबईत निवर्तलेला एक नट, बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, म्हणजेच जॉनी वॉकर, हा तो विषय होय.

मराठी वाचनालयात हिंदी चित्रपटातील नटाचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले आणि मराठी रसिकाने चारुदत्त-वसंतसेनेबरोबर मैत्रेय नावाच्या विदूषकालाही आपले मानले. हे नाटक घडते ते उज्जयिनीत, म्हणजे आपल्या अंगणातच. चारुदत्त संपन्न होता तेव्हा त्याच्या घरी पानावर पान पडत असे. तो निर्धन झाला आणि बाकीची मंडळी पांगली. राहिला तो मैत्रेय. तो कुरकुरतो, घाबरतो, खाण्याच्या आठवणी काढतो, भर न्यायसभेत काखेतले दागिने खाली पाडून मित्राला अधिकच संकटात लोटतो. पण मित्राला सोडून मात्र जात नाही. संस्कृत नाटकातील विदूषक म्हणजे केवळ पोटभरू, असे जे समजले जाते, ते या एका पात्राने खोटे ठरविले आहे. जॉनी वॉकरकडे पाहावयाचे ते मैत्रेयाचा वंशज म्हणून. अवंतीच्या भूमीने शूद्रकाच्या कल्पनेत एक विदूषक पाहिला होता. विसाव्या शतकात तिने प्रत्यक्षात आणखी एक दिला.

त्याचा जन्म १९२० नंतरच्या दशकातला. होळकरांचे संस्थान तेव्हा नांदत होते आणि इंदूर हे कापडगिरण्यांचे शहर म्हणून नावारूपाला येत होते. बद्रुद्दीनचे वडील गिरणीत कामाला होते. ते काम गेले आणि मोठ्या कुटुंबाचा भार घेऊन हे घर मुंबईला गेले. गिरणीचा भोंगा थांबला की घराची चूल कशी थंडावते, हे इंदूरकरांना वेगळे सांगावयास नको. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली तेव्हा या शहराने ते पुन्हा एकदा अनुभवले. सहावीच्या आसपास शाळा सुटलेल्या या मुलाने मुंबईत मिळेल ते काम केले. भाजीपाला विकला, फळे विकली, आईसकांडी विकली. शेवटी बेस्टच्या बसमध्ये त्याला कंडक्टरची नोकरी लागली. पगार महिना सव्वीस रुपये.

या नोकरीने घर चालत होतेच. पण तिने आणखीही एक गोष्ट दिली. बसचा कंडक्टर दिवसाकाठी शेकडो माणसे पाहतो. कोण पैसे देताना हात आखडतो, कोण उतरण्याचा थांबा विसरतो, कोण दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन वर त्यालाच दटावतो, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. नाट्यशिक्षणाच्या एखाद्या शाळेत एवढी विविध माणसे पाहावयास मिळाली नसती. बद्रुद्दीन ती पाहत होता आणि त्यांच्या नकला करून प्रवाशांना हसवीतही होता. कधीतरी एखादा चित्रपटवाला आपल्या बसमध्ये चढेल, ही आशा त्यामागे होती. ती फळाला आली. बलराज साहनींच्या दृष्टीस हा कंडक्टर पडला. ते त्या वेळी ‘बाजी’ या चित्रपटाचे लेखन करीत होते आणि दिग्दर्शनाची पहिलीच संधी मिळालेले गुरुदत्त त्याची जुळवाजुळव करीत होते. साहनींनी सुचविले की गुरुदत्तांसमोर सरळ जाऊन काम मागू नकोस, दारुड्याचे सोंग घेऊन जा. बद्रुद्दीन झोकांड्या खात शिरला, वाटेल ते बरळला आणि सगळ्यांना हसविले. तो प्यायलेला नाही, हे कळल्यावर गुरुदत्तांना त्याची किंमत कळली. ‘बाजी’त त्याच्यासाठी भूमिका निघाली, १९५१ साली तो चित्रपट पडद्यावर आला. एका प्रसिद्ध विलायती मद्याचे नाव गुरुदत्तांनी त्याला दिले आणि बद्रुद्दीन काझीचा जॉनी वॉकर झाला.

विशेष हे की, दारूचे नाव धारण करणारा हा माणूस आयुष्यभर दारूपासून दूर राहिला. ही हकीकत आपण नेहमी गंमत म्हणून सांगतो. पण तिच्यात अभिनयकलेचा एक धडा आहे. आपल्या रंगभूमीवरचा सर्वांत प्रसिद्ध दारुडा म्हणजे गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीराम. आर्य मदिरामंडळातील त्याचे तर्कट ऐकून प्रेक्षागृह हसते आणि हसता हसता सुधाकराचा संसार बुडताना पाहते. तळीरामाचा विनोद विषारी आहे. त्याच्या हातातला प्याला दुसऱ्याच्या घरावर उलटतो. जॉनी वॉकरचा दारुडा त्याहून अगदी निराळा आहे. तो कोणाचे घर बुडवीत नाही. खरा मद्यपी आपण प्यायलो आहोत हे दाखवीत नसतो, तो आपण शुद्धीवर आहोत हे दाखविण्याची पराकाष्ठा करीत असतो, हे या निर्व्यसनी नटाने नेमके हेरले होते. म्हणून त्याचे पात्र झोकांडी खाण्यापेक्षा झोकांडी सावरण्यात अधिक गुंतलेले दिसते. आपल्याला हसू येते ते त्याच्या पडण्याचे नव्हे. आपली अब्रू सांभाळण्याची त्याची जी केविलवाणी धडपड असते, तिचे. आणि ती धडपड शुद्धीवर असलेल्या आपणा सर्वांच्याही परिचयाची असते.

त्याची शरीरसंपदा नायकाची नव्हती. बारीक अंगकाठी, ओठांवर मिशीची पातळ रेघ, किंचित नाकातून निघणारा चिरका आवाज, गोल फिरणारे डोळे, एवढेच त्याचे भांडवल. आपल्याकडे दामूअण्णा मालवणकरांनी तिरप्या नजरेला, शरद तळवलकरांनी गांगरलेल्या सुशिक्षित चेहऱ्याला जसे आपल्या अभिनयाचे अलंकार करून टाकले, तसेच जॉनी वॉकरने या सामान्य रूपाचे केले. ‘आरपार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५), ‘सी.आय.डी.’ (१९५६) हे चित्रपट एकापाठोपाठ आले आणि गुरुदत्तांच्या चित्रसृष्टीत त्याची जागा पक्की झाली. ‘आरपार’च्याच सुमारास त्याची नूर यांच्याशी ओळख झाली आणि पुढे विवाह झाला. अभिनेत्री शकीला या नूर यांच्या भगिनी. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये तो नायकाचा छायाचित्रकार मित्र होता आणि नायिकेची करारी आत्या होती आपल्या ललिता पवार. त्या चित्रपटातील स्त्रीविषयक विचार आज पटणारे नाहीत. पण त्यातील जॉनीचा निर्मळ मिस्कीलपणा मात्र अजूनही टवटवीत वाटतो.

‘सी.आय.डी.’तील त्याचे मुंबईवरचे गाणे ऐकले नाही असा श्रोता या सभागृहात नसावा. मजरूह सुलतानपुरींचे शब्द, ओ. पी. नय्यर यांचे संगीत, मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांचे स्वर. आणि पडद्यावर एक खिसेकापू. या शहरात सारे काही आहे, माणुसकीच तेवढी दुर्मिळ, अशी तक्रार तो करतो आणि त्याच शहराला कवटाळतोही. गिरणी सुटल्यावर इंदुराहून मुंबईला गेलेल्या आणि तिथल्या रस्त्यांवर फळे विकलेल्या माणसाने ते गाणे म्हणावे, यात केवढे औचित्य होते! गाण्यातला विनोद हा परक्या नगरीत पोटासाठी आलेल्या लाखो माणसांचा विनोद होता. मराठी मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तर त्यातला सल थोडा अधिकच कळतो. रोजच्या शहराला नावे ठेवायची आणि ते सोडण्याचा विचारही करायचा नाही, हा परगावी रुजलेल्या माणसाचा स्वभावच असतो.

परंतु जॉनी वॉकरच्या कलेचे मर्म पाहावयाचे असेल, तर ‘प्यासा’कडे वळले पाहिजे. हा चित्रपट १९५७ चा. विजय नावाच्या उपेक्षित कवीची ही कथा आहे. कवी मेला असे जगाला वाटते, मग त्याची पुस्तके खपू लागतात. आणि तो जिवंत आहे असे कळताच प्रकाशकाला, भावांना, मित्राला तो नकोसा होतो. श्याम नावाचा मित्र आणि सख्खे भाऊ पैशांसाठी त्याची ओळखही नाकारतात. चित्रपट घडत असताना मित्र श्यामची ही भूमिका आधी जॉनी वॉकरला दिली होती आणि त्याचे काही प्रसंग चित्रितही झाले होते. नंतर विचार बदलला. मित्राला दगा देणारा जॉनी वॉकर प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, असे ठरले. त्याच्यासाठी मग दुसरे पात्र योजण्यात आले, ते अब्दुल सत्तार या तेलमालीशवाल्याचे. कलकत्त्याच्या मुक्कामात एक मालीशवाला पाहून गुरुदत्तांना ही कल्पना सुचली आणि त्यांनी जॉनीला त्या माणसाचे निरीक्षण करावयास सांगितले, अशी हकीकत जॉनी वॉकर सांगत असे.

या बदलात काय घडले याचा विचार केला, म्हणजे मन थक्क होते. जो कवीला नाकारणार होता, तोच आता कवीला ओळखणारा झाला. वेड्यांच्या इस्पितळात डांबलेल्या विजयला बाहेर काढण्यास मदत करतो तो हाच अब्दुल सत्तार. रक्ताच्या नात्यांनी तोंड फिरविले, शिकलेल्या मित्राने तोंड फिरविले. ओळख दिली ती एका वेश्येने आणि डोक्याला तेल चोळणाऱ्या एका फाटक्या माणसाने. वसंतसेना आणि मैत्रेय! शूद्रकाच्या उज्जयिनीतील दोन पात्रे कलकत्त्याच्या रस्त्यावर जणू पुन्हा भेटावीत, असा हा योग. गुरुदत्तांच्या मनात ‘मृच्छकटिक’ होते असे म्हणण्याचा हेतू नाही. निर्धन सज्जनाला समाजाने टाकले की त्याच्यापाशी शेवटी कोण उरते, या प्रश्नाला भारतीय प्रतिभेने दीड-दोन हजार वर्षांच्या अंतराने एकच उत्तर दिले, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

तेलमालीशचे ते गाणे लोक विनोदी गाणे म्हणून गुणगुणतात. ते विनोदी आहेच. सचिनदेव बर्मन यांची खेळकर चाल आहे, साहिर लुधियानवींचे शब्द आहेत, रफींनी जॉनीच्या आवाजाची लकब आपल्या गळ्यात अशी उतरविली आहे की, पडद्यावरचा नटच गातो आहे असे वाटावे. पण त्या गाण्यातला माणूस राजा आणि रंक दोघांच्याही डोक्याला सारखेच तेल लावतो, हे विसरू नये. ज्या चित्रपटात प्रत्येक जण माणसाची किंमत पैशांत करतो, तिथे हा एकटाच माणूस सर्वांना एका मापाने मोजतो. करुणरसात बुडालेल्या त्या कथेत हे गाणे विरंगुळा म्हणून घातलेले नाही. कथेचा न्याय तिथे बोलतो.

त्यानंतर १९५८ साली बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ आला. त्यातील चरणदास या भूमिकेसाठी जॉनी वॉकरला साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. याच चित्रपटातील गीतासाठी पार्श्वगायनाचे पहिलेवहिले फिल्मफेअर पारितोषिक लता मंगेशकर यांना मिळाले. लताबाईंचा जन्मही इंदूरचाच, १९२९ सालचा. एकाच चित्रपटासाठी, एकाच वर्षी, या नगरीच्या दोन लेकरांचा गौरव झाला. एक मराठी नाटकमंडळीच्या मालकाची कन्या, दुसरा मुसलमान गिरणीकामगाराचा मुलगा. दोघेही लहानपणीच इथून गेले, दोघांनीही घरच्या ओझ्यासाठी कोवळ्या वयात काम धरले. लताबाईंचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले तेव्हा सारा देश हळहळला आणि त्यांच्या जन्मगावाचाही आवर्जून उल्लेख झाला. जॉनी वॉकर इंदूरचा, हे मात्र इंदुरातही किती जणांना ठाऊक असते? स्वराची थोरवी आणि हास्याची थोरवी यांची तुलना करण्याचे कारण नाही. पण दोन भावंडांपैकी एकाचेच नाव घरात घेतले जावे, हे काही बरे नव्हे.

गुरुदत्त १० ऑक्टोबर १९६४ रोजी गेले. ‘कागज के फूल’ (१९५९) आणि ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) या चित्रपटांपर्यंत चाललेली ती जोडी कायमची तुटली. जॉनी वॉकर काम करीत राहिला; १९६८ च्या ‘शिकार’मधील भूमिकेसाठी उत्कृष्ट विनोदी नटाचे फिल्मफेअर पारितोषिकही त्याने मिळविले. परंतु काळ पालटत होता. विनोदी पात्राला कथेत स्वतःचा जीव, स्वतःचे प्रेम, स्वतःचे गाणे असावे, ही पद्धत मागे पडली. विनोद अंगविक्षेपांवर आणि द्व्यर्थी संवादांवर उतरू लागला. आपल्या शेकडो चित्रपटांतील एक ओळही सेन्सॉरला कापावी लागली नाही, याचा जॉनी वॉकरला अभिमान होता आणि तो ते बोलून दाखवीत असे. आपला चित्रपट माणसे बायकामुलांसह पाहावयास येतात, ही जाणीव त्याने सोडली नाही. भूमिका कमी झाल्या तरी त्याने ही मर्यादा ओलांडली नाही. कमीच काम करणे त्याने पत्करले. स्वतःची शाळा लवकर सुटल्याची खंत बाळगणाऱ्या या माणसाने मुलांना मात्र शिकण्यासाठी परदेशी पाठविले.

या माघारीच्या काळातच त्याच्या हातून एक अविस्मरणीय भूमिका घडली. १९७१ सालचा ‘आनंद’. ‘मधुमती’चे संकलन करणारे हृषीकेश मुखर्जी त्याचे दिग्दर्शक होते. ललिता पवार, रमेश देव आणि सीमा देव यांच्यामुळे हा चित्रपट मराठी घरांत विशेष आपुलकीने पाहिला गेला. मरण उंबरठ्यावर उभे असताना हसत राहणारा आनंद अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो आणि नवा मित्र जोडतो. बहुतेक जण गोंधळतात. ईसाभाई सुरतवाला हा नाटकवाला तेवढा गोंधळत नाही. तो उलट आनंदलाच ‘जयचंद’ म्हणून हाक मारतो आणि जुनी ओळख असल्याच्या थाटात बोलू लागतो. दोन विदूषकांनी एकमेकांना क्षणात ओळखावे, तसा तो प्रसंग आहे. खेळ खोटा आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. त्या खोट्या खेळातून जुळणारी मैत्री मात्र खरी आहे. पुढे आनंदचे दुखणे कळल्यावर याच ईसाभाईच्या डोळ्यांत पाणी येते, तेव्हा वीस वर्षे ज्याने हसविले त्या चेहऱ्यावरचे अश्रू पाहून प्रेक्षकांनाही आपले अश्रू आवरत नाहीत. भूमिका वेळेच्या हिशेबाने छोटी आहे. पण ‘आनंद’मधून ईसाभाई काढून टाकून पाहावा, म्हणजे चित्रपट केवढा उणा होतो ते कळेल.

दीर्घ विरामानंतर १९९७ साली कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’मध्ये तो शेवटचा दिसला. भूमिका होती जोसेफ नावाच्या रंगभूषाकाराची. नायकाला प्रौढ स्त्रीचे रूप देणाऱ्या कलावंताची. आणि हा जोसेफही पिणारा! ज्या सोंगाने चित्रसृष्टीचे दार उघडले, तेच सोंग घेऊन या नटाने तिचा निरोप घेतला. मधल्या शेहेचाळीस वर्षांत मद्याचा थेंबही ओठांना न लावता त्याने किती दारुडे रंगविले असतील! रंगभूषाकार दुसऱ्याचा चेहरा घडवितो आणि स्वतः पडद्याआड राहतो. विनोदी नटाचे जिणेही असेच असते. नायकाचे दुःख उजळून दिसावे म्हणून तो आपला दिवा बाजूला धरून उभा राहतो.

श्रोतेहो, भरतमुनींनी हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आणि त्यांतील स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीचे मानले. जॉनी वॉकरने आपल्याला पोट धरून हसविले हे खरेच. पण चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर मागे राहिले ते स्मित. त्या हास्यात कोणाच्या जातीची, व्यंगाची, गरिबीची टवाळी नव्हती. मालीशवाला, खिसेकापू, नोकर, दारुडा, अशी ज्यांची समाज टवाळी करतो ती माणसेच त्याने रंगविली. आणि प्रत्येकाला त्याची प्रतिष्ठा परत दिली. ज्यांच्याकडे पाहून आपण हसतो, त्यांच्याचबरोबर हसावयास त्याने शिकविले.

या वाचनालयासारख्या संस्थांचे प्रयोजन काय, याचा विचार शताब्दीच्या वेळी होणे स्वाभाविक आहे. बडोद्याच्या चिं. वि. जोशींचे चिमणराव महाराष्ट्राबाहेर जन्मले आणि मराठी घराघरांत पोहोचले. श्रीपाद कृष्णांचे ‘सुदाम्याचे पोहे’ आणि गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ अशाच कपाटांतून टिकून राहिले. हास्य टिकवावयाचे असेल तर त्याची नोंद करावी लागते. ते आपोआप टिकत नाही. रडविणारा स्मरणात राहतो, हसविणाऱ्याचे हसू तेवढे उरते आणि नाव पुसले जाते. त्या कपाटांच्या शेजारी या नगरीतून गेलेल्या बद्रुद्दीन काझीच्या नावाची एक ओळ असावी, एवढीच आजची प्रार्थना आहे. त्याने आपल्याला ओळखले होते. आपणही त्याला ओळख द्यावी. श्यामने नाकारले, सत्तारने ओळखले. यांपैकी कोणाच्या पंक्तीत बसावयाचे, हे ठरविणे आपल्या हाती आहे.